पुनवेच्या दुपारची भरती

शिमग्याला यंदा आम्ही सगळेच गावी होतो. पुनवेचा दिवस, होम रात्री लागायचा होता, घरात पुरण शिजल्याचा वास आणि काकूची नुसती धावपळ, म्हणून पोरांना जरा बाहेर काढावं असं म्हणत मी ओवीला घेऊन जेट्टीवर गेले. ओवी म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी, दहा वर्षांची, पुण्यात वाढलेली, खाडी तिला वर्षातून दोनदाच दिसते. बारा वाजत आले होते. खाडी तुडुंब भरलेली. जेट्टीच्या खालच्या सगळ्या पायऱ्या पाण्यात, पलीकडच्या काठाला कांदळ छातीपर्यंत बुडालेलं, आणि पाणी इतकं गच्च आणि शांत की बांधून ठेवलेल्या होड्यांचे दोरसुद्धा हलत नव्हते. भरती पूर्ण झाली आणि ओहोटी अजून लागली नाही असा जो थोडा वेळ असतो ना, तो. लहानपणापासून मला तो फार आवडतो, कारण त्या वेळात खाडीला दिशाच नसते.

ओवी पायरीवर बसून पाण्यात पाय हलवत होती. म्हणाली, मावशी, भरती चंद्रामुळे येते ना? मी म्हटलं हो. आज पौर्णिमा आहे ना? हो. म्हणजे चंद्र संध्याकाळी उगवणार? हो, सूर्य मावळेल तेव्हाच्या आसपास. मग आत्ता कुठाय तो? मी बोटाने खाली दाखवलं, म्हटलं आपल्या पायाखाली, पृथ्वीच्या पार पलीकडच्या बाजूला. तिने खाली पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं, मग म्हणाली, मग पाणी इकडे कसं काय चढलं? तो तर तिकडे ओढत असणार ना?

मी इंजिनिअरिंग केलंय. आणि मी तिला काय सांगितलं, तर पृथ्वी फिरते ना, त्यामुळे पलीकडच्या बाजूचं पाणी बाहेर फेकलं जातं. तोंडातून वाक्य गेलं आणि जाता जाताच मला कळलं की हे बरोबर नाही. पृथ्वीच्या फिरण्याने पाणी फेकलं जाणार असेल तर ते विषुववृत्तावर चहूबाजूंनी सारखंच फेकलं जाईल, आणि कायमचंच. तसं ते आहेही, पृथ्वी मधोमध फुगलेली आहे, विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवांकडच्या त्रिज्येपेक्षा २१ किलोमीटरने जास्त आहे, पण तो फुगवटा काही दिवसातून दोनदा येत-जात नाही. ओवीला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. तिने फक्त 'हं' म्हटलं आणि पाय हलवणं बंद केलं.

ते 'हं' मला घरी येईपर्यंत पुरलं.

कारण ते मी ओळखते. शाळेत भूगोलाच्या तासाला फळ्यावर एक गोल, त्याभोवती अंड्यासारखा पाण्याचा पट्टा आणि उजवीकडे छोटा चंद्र, अशी आकृती आम्ही वहीत काढली होती, निळ्या पेन्सिलीने रंगवली होती, उधाणाच्या भरतीची एक आणि भांगाच्या भरतीची एक. पाणी चंद्राच्या बाजूला फुगलेलं आणि बरोबर विरुद्ध बाजूलाही तेवढंच फुगलेलं. पन्नासेक मुलं होतो, त्यातली निम्मी तरी खाडीकाठची, ज्यांच्या घरात भरती-ओहोटीवर चूल पेटायची, आणि एकानेही विचारलं नाही की बाई, उलट्या बाजूला का? मला तेव्हा प्रश्न पडला होता का, ते आज आठवत नाही. बहुतेक पडला असेल आणि मीही मनातल्या मनात 'हं' म्हटलं असेल. परीक्षेत आकृतीला दोन मार्क होते आणि ते मला मिळाले.

आणि गंमत बघा, याच खाडीवर माझे आजोबा तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे. आता फेरीबोटी झाल्या, गाड्या थेट बोटीत चढतात, पण तेव्हा खाडी ओलांडायची म्हणजे तर, दोन वल्ही, आणि काठाला थांबून 'ओऽऽ' अशी हाक मारणारी माणसं. आजोबा चौथी शिकलेले. पण त्या चौथीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी सगळं पाठ करून घ्यायचे, आणि त्यातल्या पाऊणकीवर, म्हणजे पाऊणच्या पाढ्यावर, आजोबांचा अख्खा धंदा चालायचा. कुणी विचारलं की आज भरती किती वाजता, तर ते आधी तिथी विचारायचे. चतुर्थी? चार पाऊण तीन, तीनला पाणी भरणार. अष्टमी? आठ पाऊण सहा. एकादशी म्हणजे सव्वाआठ. पुनव झाली की मोजणी परत एकपासून, अवस झाली की पुन्हा. दिवसाची जी वेळ तीच साधारण रात्रीची, आणि मधे सहा-सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. मी एकदा त्यांना माझं नवीन घड्याळ कौतुकाने दाखवायला गेले तर म्हणाले, "पाऊणकी पाठ हाय ना तुला? मंग खाडीवर घड्याळ कशाला पायजे?" आजी मुळे, म्हणजे चिखलातले शिंपले, काढायला जायची ती याच हिशोबाने, पहाटे चार म्हणजे चार, चिखलात गुडघाभर उतरायची आणि पाणी फिरायच्या आत टोपली भरून वर. तिला पाढे येत नव्हते, ती आजोबांना उठवून विचारायची.

हा हिशोब कुठून आला असेल हे मी नंतर कागदावर मांडून बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा उशिरा डोक्यावर येतो, सरासरी ५० मिनिटांनी. एका महिन्यात तिथी ३०, आणि तेवढ्यात हा उशीर साठत साठत पूर्ण २४ तासांचा होतो. म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. तीन मिनिटांचा फरक, तोही पंधरवड्यात साठून पाऊण तास होतो आणि अवस-पुनवेला मोजणी नव्याने सुरू केली की पुसला जातो. कुणी कधी बसवला असेल हा नियम? कुणातरी माणसाने काठावर बसून, महिनोन् महिने पाणी बघून, हे पाऊणकीत घातलं असणार. त्याला ठाऊक नव्हतं का येते, पण केव्हा येते ते चोख ठाऊक होतं. आणि मला शाळेने 'का'चं उत्तर दिलं होतं, अर्धं.

होमाच्या रात्री मला झोप लागली नाही. लांब देवळाकडे ढोल वाजत होते, पालखी नाचवत होते, कौलांच्या फटीतून चंद्राचा उजेड जमिनीवर पडलेला, आणि मी पडल्या पडल्या विचार करत होते की ओवीला हे सांगायचं कसं. खरं उत्तर मला माहीत होतं, कॉलेजात शिकले होते, पण ते माझ्याकडे सूत्राच्या रूपात होतं, भाषेच्या रूपात नव्हतं. खूप गोष्टी आपल्याला अशाच माहीत असतात. विचारलं तर गणित करून दाखवू, पण दहा वर्षांच्या मुलीला सांगायचं म्हटलं की हात मोकळे पडतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुकतीला आम्ही समुद्रावर गेलो, पुळणीवर. पाणी लांब आत गेलेलं, ओली घट्ट वाळू, तिच्यावर खेकड्यांनी काढलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी. ओवी, माझ्या चुलत भावाचा मुलगा आणि शेजारची पिंकी अशी तिघं होती. मी तिघांना एका रेषेत उभं केलं, एकमेकांपासून हातभर अंतरावर. पुढे भावाचा मुलगा, तो सगळ्यात जोरात पळतो, मधे ओवी, मागे पिंकी, ती सहा वर्षांची. लांब एक होडी उलटी घालून ठेवली होती, म्हटलं ती होडी म्हणजे चंद्र. तिघांनीही होडीकडेच पळायचं, कुणी मागे वळायचं नाही. ओवी, तू मधे आहेस, तू पळता पळता फक्त पुढे आणि मागे बघ आणि मला सांग काय दिसतं ते. पळाले. वीसेक पावलं गेल्यावर ओवी ओरडली, हा पुढे गेला! आणि मागून? पिंकी पण लांब गेली! मी म्हटलं, पिंकी कुठे जातेय? होडीकडेच येतेय की. मग लांब कशी गेली?

ओवी थांबली. दम लागलेला, केस तोंडावर आलेले. म्हणाली, "मावशी, म्हणजे पलीकडच्या पाण्याला कुणी ढकललंच नाही. ते मागे राहिलं."

मला तिथेच वाळूत बसावंसं वाटलं.

एवढंच आहे ते. चंद्र फक्त पाण्याला ओढत नाही, तो अख्ख्या पृथ्वीला ओढतो, दगडमातीसकट. जवळच्या बाजूचं पाणी चंद्राला जरा जवळ, म्हणून त्याला ओढ जास्त, पृथ्वीच्या मध्याला मधली, आणि पलीकडच्या पाण्याला सगळ्यात कमी. मधल्याच्या नजरेने पाहिलं तर पुढचं पुढे गेलं आणि मागचं मागे राहिलं, म्हणजे दोन्हीकडे अंतर वाढलं, दोन्हीकडे फुगवटा. भरती ओढीने येत नाही, ओढीतल्या फरकाने येते. हे एक वाक्य मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर ती निळी आकृती मी जन्मभर विसरले नसते.

अर्थात ओवीचा पुढचा प्रश्न तयार होताच, की आम्ही तर होडीला जाऊन पोचलो, मग पृथ्वी चंद्रावर का नाही आपटत? प्रश्न अगदी रास्त आहे. मी तिला सांगितलं की पृथ्वी पडतेच आहे चंद्राकडे, सतत, फक्त ती आडवीही सरकते आहे, त्यामुळे पडणं कधी संपत नाही, गोल फिरत राहतं. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो असं आपण म्हणतो पण खरं तर दोघं मिळून एका सामाईक बिंदूभोवती फिरतात, चंद्र मोठ्या गोलात आणि पृथ्वी छोट्याशा, आणि तो बिंदू पृथ्वीच्या पोटातच आहे, केंद्रापासून साधारण ४७०० किलोमीटरवर. फुगडी घालताना एक मोठी बाई आणि एक छोटी मुलगी असली की बाई जागच्या जागी घुमते आणि मुलगी लांबून फिरते ना, तसं. हे तिला लगेच पटलं, कारण आदल्याच रात्री होमापाशी आईबरोबर ती तशीच फिरली होती.

फरकाची ही गोष्ट एकदा हातात आली की बाकीची कितीतरी कोडी आपोआप सुटतात, आणि त्याचा आनंद मला अजून आहे. सूर्याचंच बघा. सूर्य पृथ्वीला चंद्रापेक्षा पावणेदोनशे पटींहून जास्त जोराने ओढतो. मग भरती सूर्याच्या तालावर का येत नाही? कारण सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे, एवढ्या लांबून पृथ्वीची अलीकडची बाजू काय आणि पलीकडची काय, त्याला जवळपास सारखीच. चंद्र मात्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीसारखे तीस गोळे ओळीने ठेवले की तो आलाच, त्यामुळे त्याच्या बाबतीत जवळच्या आणि लांबच्या बाजूच्या ओढीत सुमारे ७ टक्क्यांचा फरक पडतो. ओढ मोठी असून सूर्याची भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहून थोडी कमीच भरते. अवस-पुनवेला दोघं एका रेषेत आले की दोन्ही भरत्या एकत्र होतात, ते उधाण, आणि अष्टमीला काटकोनात आले की एकमेकांचं खातात, तो भांग. आजी भांगाच्या दिवसांत मुळे काढायला जायचीच नाही, म्हणायची चिखलच उघडा पडत नाही पुरेसा.

आणि दुसरं म्हणजे ते पौर्णिमेचे व्हॉट्सॲप मेसेज. आमच्या फॅमिली ग्रुपवर दर कोजागिरीला एक येतोच, की चंद्र जर एवढा मोठा समुद्र ओढतो तर माणसाच्या शरीरात ७० टक्के पाणी आहे, त्यावर काय परिणाम होत असेल, म्हणून आज रात्री अमुक करा, तमुक खाऊ नका. सुशिक्षित माणसं पाठवतात, प्रेमाने पाठवतात. पूर्वी मला नुसताच राग यायचा, पण खोडून काय काढायचं ते नीट सापडायचं नाही. आता मला वाटतं की या मेसेजला दोष देण्यात फारसा अर्थ नाही, तो आमच्या भूगोलाच्या पुस्तकातूनच निघालाय. 'चंद्र पाणी ओढतो' एवढंच सांगितलं तर माणूस पुढे हेच म्हणणार, की पाणी तर माझ्यातही आहे. पण भरती फरकाने येते, आणि फरक पडायला हजारो किलोमीटर रुंदीचं पाणी लागतं. माझ्या डोक्याच्या आणि पायाच्या मधे चंद्राच्या ओढीचा फरक पडणार तो किती? काहीच नाही म्हणावं इतका. समुद्राच्या बाबतीतसुद्धा हा फरकाचा जोर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या साधारण एक कोटीव्या हिश्श्याएवढाच आहे. चंद्र पाणी उचलतच नाही, तेवढी ताकदच नाही त्याची. तो ते हळूहळू आडवं सरकवतो, अख्ख्या महासागराच्या रुंदीभर, आणि सगळीकडून थोडं थोडं सरकत आलेलं पाणी एका जागी चढतं. म्हणून तर विहिरीला भरती येत नाही, तळ्याला येत नाही. आमच्याकडे समुद्राला लागून असलेल्या काही विहिरींचं पाणी भरतीबरोबर वर-खाली होतं, पण तो जमिनीखालून येणारा समुद्राचाच दाब. चंद्राला ती विहीर माहीतही नाही.

इथपर्यंत आलं की वाटतं झालं, कळलं. मलाही वाटलं होतं. मी त्या रात्री फार खुशीत जेवले.

पण मग आजोबांचं आणखी एक वाक्य आठवलं. ते म्हणायचे पुनवेपेक्षा बीज-तीजचं उधाण मोठं, पुनवेला पाणी बघून होडी वर काढलीस तर बीजेला परत ओढायला लागेल. आणि ते खरं आहे, मुंबईत पावसाळ्यात महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस जाहीर करते ना, ती यादी नीट बघा, सगळ्यात मोठा आकडा बहुतेक वेळा पौर्णिमा-अमावास्या उलटून एक-दोन दिवसांनीच असतो. वाळूवरच्या त्या तीन मुलांच्या गोष्टीत हे कुठे बसतं? चंद्र-सूर्य रेषेत आले पुनवेला आणि पाणी सगळ्यात जास्त चढलं बीजेला? अजून पुढे जाऊ. त्या अंड्याच्या आकृतीप्रमाणे पुनवेच्या दुपारी बारा आणि रात्री बारा या वेळेला सगळीकडेच भरती हवी. आमच्याकडे ती साधारण जुळते. पण खंबातच्या आखातात आत भावनगरला जा, तिथे मुंबईनंतर काही तासांनी भरती येते, आणि येते ती दहा मीटरची, म्हणजे तीन मजली इमारतीएवढी. मुंबईला उधाणाचं पाणी पाचेक मीटरपर्यंत, आणि गोव्याला दोनेक मीटरमध्ये आटपतं. चंद्र तोच, रात्र तीच.

म्हणजे ते अंडं नाहीच. वहीत काढलं होतं तसं पाण्याचं गुळगुळीत अंडं पृथ्वीभोवती कुठेही नाही, आणि असूही शकत नाही. विषुववृत्तावर पृथ्वी तासाला १६०० किलोमीटरहून जास्त वेगाने फिरते, म्हणजे फुगवट्याला चंद्राखाली राहायचं तर त्याला समुद्रावरून जवळपास त्याच वेगाने धावायला हवं. पण चार किलोमीटर खोल समुद्रात अशी लांबलचक लाट तासाला ७०० किलोमीटरच्या आसपासच धावू शकते. ती मागेच पडते. आणि वाटेत आफ्रिका आहे, भारत आहे, अमेरिका आहे. खरं चित्र वेगळंच आहे. प्रत्येक समुद्र म्हणजे पाण्याने भरलेली एक परात, वेड्यावाकड्या काठांची, आणि चंद्र त्या परातीला दर साडेबारा तासांनी अगदी हलका धक्का देतो. परात हातात धरून चाललं की पाणी कसं डचमळतं, आपल्या पावलांचा ठेका आणि पाण्याचा ठेका जुळला की कसं काठावरून सांडतं, तसं. कुठे ठेका जुळतो, कुठे नाही. मुंबई-गुजरातपुढे समुद्राचा उथळ तळ शेकडो किलोमीटर पसरलेला आहे, दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो, आणि खंबातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं, म्हणून तिथे पाणी असं चढतं. आणि बीजेचं उधाण मोठं का, तर डचमळायला वेळ लागतो. ऊन डोक्यावर असतं बाराला पण जिवाची तलखी होते दोन-अडीचला, तसंच काहीसं.

हे कळायला माणसाला किती वेळ लागला बघा. गॅलिलिओसारख्या माणसाने १६३२ मध्ये छापून सांगितलं की भरती पृथ्वीच्या हालचालीमुळे पाणी हिंदकळून येते, चंद्राचा काही संबंध नाही, आणि चंद्राचं नाव घेतलं म्हणून खगोलशास्त्रज्ञ केप्लरवर तो नाराज झाला. त्याच्या हिशोबाने दिवसाला एकच भरती यायला हवी होती, आणि दोन येतात हे तर कुठल्याही खलाशाला ठाऊक होतं. १६८७ मध्ये न्यूटनने ओढीतल्या फरकाचं गणित मांडलं. आणि समुद्र डचमळतो कसा याची समीकरणं फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने लिहिली ती १७७० च्या दशकात. मला यात गॅलिलिओबद्दल फार आपुलकी वाटते. पाणी हिंदकळतं हे त्याला दिसलं होतं. न्यूटनला धक्का कुणाचा ते दिसलं. दोन्ही लागतात. ओवीला मी वाळूवर जे दाखवलं तो न्यूटनचा अर्धा भाग, आणि मी तिला ते 'पूर्ण' म्हणून दिलं तर पन्नास पोरांच्या त्या वर्गात आणि माझ्यात फरक काय राहिला.

आणि हे सगळं वाचता वाचता मला जे सापडलं त्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले. समुद्राच्या डचमळण्याचं गणित इतकं किचकट आहे की एखाद्या बंदरावर भरती किती वाजता आणि किती मीटर हे नुसत्या कागदावर काढणं त्या काळी अशक्यच होतं. मग विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढे ज्याला लॉर्ड केल्विन म्हणायला लागले त्याने, वेगळाच रस्ता धरला. आकाशातले ठेके आपल्याला पक्के माहीत आहेत, चंद्राचा १२ तास २५ मिनिटांचा, सूर्याचा १२ तासांचा, चंद्र जवळ-लांब जातो त्याचा, वर-खाली सरकतो त्याचा. प्रत्येक ठेका एकेका बंदरावर किती जोराने आणि किती उशिराने वाजतो, हे मात्र आकाशाला विचारायचं नाही. ते त्या बंदरावर पाण्याची उंची वर्षभर मोजून त्या पाण्यालाच विचारायचं. १८७२-७३ मध्ये त्याने याचं यंत्र बांधवून घेतलं, एकेका ठेक्यासाठी एकेक कप्पी, सगळ्यांवरून गेलेली एकच तार, आणि तारेच्या टोकाला पेन. हँडल फिरवलं की पेन कागदावर पुढच्या वर्षाच्या भरत्या काढत जाई. आणि १८७९ मध्ये असंच एक यंत्र लंडनमध्ये खास भारतातल्या बंदरांसाठी तयार झालं. मुंबईला अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याच्या उंचीच्या नोंदी आहेत. तिथे पाणी चढत होतं, उतरत होतं, कुणीतरी आकडे लिहीत होतं, आणि हजारो मैलांवर एक पेन मुंबईची पुढची भरती काढत होतं.

ठेका आकाशाचा, आकडा काठाचा.

आणि आजोबांची पाऊणकी दुसरं काय आहे? तिथीला पाऊण तास, हा चंद्राचा ठेका, तो जगात कुठेही तोच. पण अवस-पुनवेला बाराच्या आसपास पाणी भरतं, ही सुरुवात आमच्या किनाऱ्याची, ती कुठल्याही आकाशातून मिळत नाही, ती काठावर बसूनच कळते. भावनगरचा तरवाला हीच पाऊणकी वापरेल, पण त्याची मोजणी दुसऱ्या वेळेपासून सुरू होईल. भारतासाठीच्या त्या यंत्रात वीसेक कप्प्या होत्या, आजोबांच्या यंत्रात एक. रचना तीच. आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली. त्यांना हे सांगायला मिळालं असतं तर ते काय म्हणाले असते माहीत नाही, बहुतेक म्हणाले असते की बरं, म्हणजे त्याला पण तिथी विचारायला लागायची तर. पण मला ते सांगायचं होतं आणि ते राहिलं, आणि शाळेत असताना, रोज त्यांच्या तरीतून खाडी ओलांडत असताना मला एकदाही वाटलं नाही की भूगोलाच्या वहीतलं ते निळं अंडं आणि आजोबांची पाऊणकी ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. मी वही दप्तरात ठेवायची आणि तरीत बसायची.

पुण्याला परत निघायच्या आधी ओवीला मी खरं काय ते सांगितलं. पायरीवरच बसलो होतो, तेव्हा पाणी बरंच खाली होतं, पायऱ्यांवरची कालवं उघडी पडलेली आणि चिखलाचा तो उबट खारट वास. म्हटलं, त्या दिवशी मी तुला पृथ्वी फिरते म्हणून पाणी फेकलं जातं असं सांगितलं ते चूक होतं. आणि वाळूवरचं बरोबर आहे पण पुरतं नाही. परातीचं सांगितलं. ती म्हणाली, मग नक्की किती वाजता येणार हे कसं कळतं? मग मी तिला पाऊणकी सांगितली, आजोबांची. तिला पाऊणकी म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं, शाळेत ती आता कुणी शिकवत नाही. पॉइंट सेव्हन फाइव्ह का, म्हणाली. हो, म्हटलं, पॉइंट सेव्हन फाइव्ह. तिने हाताच्या बोटांवर पंधरापर्यंत जाऊन बघितलं आणि मग गाडीत बसेपर्यंत बोललीच नाही, पण या वेळचं गप्प बसणं निराळं होतं.

परवा संध्याकाळी तिचा फोन आला. गच्चीवर होती, वारा ऐकू येत होता. मावशी, अर्धा चंद्र बरोब्बर डोक्यावर येत चाललाय. मी कॅलेंडर बघितलं, आज सप्तमी आहे. सात गुणिले पॉइंट सेव्हन फाइव्ह म्हणजे सव्वापाच. आत्ता पाच वाजून दहा मिनिटं झालीत. आपल्या जेट्टीवर आत्ता भरती पूर्ण होत आली असेल ना? मी म्हटलं असायला हवी. असायला हवी नको, म्हणाली, काकूआजीला फोन कर ना.

काकूला लावला. ती अंगणात आमसुलं वाळत घातलेली उचलत होती, पण कारण सांगितल्यावर काही न बोलता तशीच चप्पल घालून निघाली, फोन कानालाच. पायवाटेवरचा पाचोळा वाजताना ऐकू येत होता, मग कुणाशी तरी दोन शब्द बोलली, मग जेट्टीवरचा वारा. म्हणाली, नाही गं, अजून चढतंय. तिसऱ्या पायरीवर आहे, काडी टाकली तर आतच जातेय. मग थांब म्हटलं जरा. थांबली. आम्ही तिघी तीन फोनवर, ओवी गच्चीत, मी स्वयंपाकघरात गॅस बंद करून, काकू पायरीवर. भांगाचे दिवस, पाणी सावकाश. पावणेसहाच्या थोडं आधी काकू म्हणाली, हां, आता काडी जागच्या जागी आहे.

ओवीने लिहून घेतलं. मग विचारलं, आपली जेट्टी समुद्रापासून किती आत आहे?